उतरलेला ताप पुन्हा चढला तर?



गेल्या आठवड्यातली गोष्ट. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही चौघीजणी डबे उघडून बसलो होतो. आमच्यातल्या एकीचा भाऊ नगरला दवाखान्यात आहे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या जिभेला नगरच येतं.) फ्लूचं निमित्त झालं, न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लावावा लागला. दहा-बारा दिवसांनी उतार पडला, नळी निघाली, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि परवा पुन्हा ताप भरला. "रक्तात बुरशी निघाली म्हणतात," ती म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून तिनं विचारलं, "डोळा काढतील का हो त्याचा?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. २०२१च्या मे महिन्यात, नगरच्याच एका दवाखान्याच्या जिन्यात, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी अगदी हाच प्रश्न विचारला होता. शब्दसुद्धा तेच. म्हणजे मधल्या काळात आपण 'काळी बुरशी' हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवले आणि बाकीचं सगळं विसरलो, असंच ना?

तेव्हा या आठवड्यात लोणची-मुरांबे बाजूला ठेवते. आज आयसीयूतल्या दुखण्याबद्दल लिहिते. विषय रुक्ष वाटेल, पण घरातलं माणूस आत असतं तेव्हा दाराबाहेर चटईवर बसणारी बहुधा आपल्यातलीच एक असते.

आधी आमच्या घरचं सांगते

आमचं गाव मिरजगाव, कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं. थोरल्या दिरांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. तेव्हा त्यांचं वय बावन्न, आणि साखरेचं दुखणं आठ वर्षांचं. पथ्यपाणी मात्र यथातथाच. "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या शेवटी, अण्णांना ताप आला. ते दिवस तुम्हाला आठवत असतीलच. शेजारच्या घरातल्या एकाला ज्या गोळ्यांनी बरं वाटलं होतं, त्याच चिठ्ठीवर आम्ही अण्णांसाठी गोळ्या आणल्या. त्यात स्टेरॉइडची गोळी होती. घरात कुठलाही कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. तशी ती चिठ्ठीही आली होती. मी वाचली आणि गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वाटून डबीत भरून दिल्या. बी. ए. झालेल्या मला ते नाव कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही. पाच दिवस गोळ्या चालल्या. साखर एकदाही तपासली नाही. सहाव्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रात आकडा ८४ दिसला आणि आमची धावपळ सुरू झाली. गाडी करून नगर गाठलं, चार दवाखान्यांनी हात जोडले, पाचव्यात खाट मिळाली. तिथं साखर चारशेच्या वर निघाली.

मग अण्णा आत आणि आम्ही बाहेर. आत जायला बंदीच होती. संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर दारात यायचे आणि प्रत्येकाच्या माणसांशी दोन-दोन मिनिटं बोलायचे. अक्का, म्हणजे माझ्या जाऊबाई, मला पुढं ढकलायच्या. "तू मास्तरीण, तूच इचार बाई. आमाला काय कळतंय त्यातलं?" कळत तर मलाही नव्हतं. पण पर्समध्ये शाळेची एक कोरी वही होती, ती काढली आणि रोज चार रकाने भरू लागले. तारीख, ताप, ऑक्सिजन, साखर.

बाराव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. पुढचे तीन दिवस वहीत ओळीनं 'ताप नाही' आहे. गावाकडे निरोप गेला की दोन-चार दिवसांत आणतो घरी. सोळाव्या दिवशी तापाच्या रकान्यात मी १०१ लिहिलं. आम्हाला वाटलं, कोरोनाच उलटला. डॉक्टरांनी रक्त कल्चरला पाठवलं आणि दोन दिवसांनी दारात येऊन सांगितलं, "रक्तात बुरशी वाढली आहे. कॅन्डिडा."

अक्का जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "डोळा काढणार का?"

ही बुरशी वेगळी, ती वेगळी

त्या दिवसांत टीव्हीवर, पेपरात एकच विषय होता, काळी बुरशी. तिचं वैद्यकीय नाव म्युकरमायकोसिस. २०२१च्या जुलैपर्यंत देशात तिच्या ४५ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, चार हजारांहून जास्त माणसं गेली, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता. शिळ्या पावावर जी काळपट लव येते, तिच्याच कुळातली ही बुरशी. तिचे कण हवेत असतात, श्वासाबरोबर नाकात जातात. साखर वाढलेल्या, अशक्त माणसात ती नाकातून जबड्याकडे आणि डोळ्याकडे सरकते. काही जणांचा डोळा काढावा लागला तो जीव वाचवण्यासाठी.

अण्णांना जडली होती ती कॅन्डिडा. तिची ओळख आपल्याला आहे, फक्त नाव माहीत नसतं. तान्ह्या बाळाच्या तोंडात दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे चट्टे येतात, पुसले तरी सहज निघत नाहीत, ते हिचेच. बायकांना खाज सुटून फुटक्या दह्यासारखं अंगावरून जातं, तेही बऱ्याचदा हिच्याचमुळे. पाव फुगवायला जे यीस्ट वापरतात, त्या जातीची ही सूक्ष्म बुरशी. कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर ती मुकाट्यानं राहत असते. तिथं असते तोवर तिचा जाच नसतो. ती रक्तात उतरली की मात्र दुखणं जिवावरचं होतं. रक्तात कॅन्डिडा सापडलेल्या दर शंभर रुग्णांपैकी तीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त, दगावतात. म्हणून ताप 'नुसताच' आहे असं समजून बसू नये.

रानातली हराळी

आता रक्तात ती उतरते कशी? आमच्या भागात ज्वारीचं रान खूप, म्हणून तिथलाच दाखला देते. रानात पीक दाट उभं असलं की हराळीला फारसा वाव मिळत नाही. पीक विरळ झालं, बांध फुटला, राखण सुटली, की हराळी रान व्यापते. आयसीयूत गंभीर रुग्णाच्या शरीराचं तसंच होतं.

पहिली गोष्ट म्हणजे जोरदार अँटिबायोटिक्स. ती जंतू मारतात. त्यात वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगले जंतूही मरतात. बुरशीवर मात्र या औषधांचा काही परिणाम होत नाही. जागा मोकळी झाली की ती पसरते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिकारशक्ती. विषाणूचा आजार फार जोराचा झाला की शरीराचे राखणदार थकतात. त्यात स्टेरॉइड. स्टेरॉइडला सरसकट वाईट ठरवू नका हं. २०२०च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसून आलं की डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टेरॉइड दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. पण त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना त्याचा फायदा झाला नाही. डॉक्टरांनी योग्य वेळी, ठरल्या मापानं, मोजके दिवस दिलं तर ते तारतं. आमच्यासारखं शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर दिलं तर साखर चढवतं आणि राखणदारांना झोपवतं.

तिसरी गोष्ट म्हणजे नळ्या. मानेतून किंवा मांडीतून मोठ्या शिरेत जी नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. तिच्यातून औषधं जातात, कधी अन्नरसही जातो. ती नसती तर अण्णा वाचले नसते. पण तीच कातडीपासून थेट रक्तापर्यंतची वाट आहे. कॅन्डिडा नळीला आतून-बाहेरून चिकटते आणि तिथं थर धरते. तांब्याला आत बुळबुळीत थर येतो ना, तसा. त्या थरात औषध नीट पोचत नाही.

आणि चौथी गोष्ट, दिवस. आयसीयूतला मुक्काम जितका लांबेल, तितका धोका वाढतो. त्यामुळे गंमत पाहा, मूळ आजार हटत असतो आणि नेमका त्याच वेळी हा दुसरा पाहुणा येतो. कोरोना असो, फ्लू असो, डेंग्यू असो. विषाणू कोणता याला तितकं महत्त्व नाही. माणूस किती दिवस आणि किती नळ्यांवर आहे, हे महत्त्वाचं.

दिल्लीत काय आढळलं

दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी या बुरशीच्या आजारांच्या नामवंत संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०च्या एप्रिल ते जुलै या काळात दिल्लीतल्या कोरोना आयसीयूत दाखल झालेल्या ५९६ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली. पंधरा म्हणजे थोडे वाटतील. पण त्यांतल्या दहा जणांमध्ये 'कॅन्डिडा ऑरिस' नावाची जात होती, आणि त्या दहांपैकी सहा जण वाचले नाहीत.

ही ऑरिस मोठी चिवट. २००९ साली जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानातून ती पहिल्यांदा ओळखली गेली, म्हणून तिचं नाव कानावरून पडलं. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्यावर बहुधा चालत नाही. पलंगाच्या कठड्यावर, गादीवर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर ती दिवसच्या दिवस, कधी आठवडेच्या आठवडे तग धरते. साफसफाईची काही नेहमीची द्रावणं तिच्यापुढं फिकी पडतात, क्लोरीनची द्रावणं जास्त कामी येतात. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे ती हातांवरून आणि वस्तूंवरून जाते. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घातक बुरशांची पहिलीच यादी काढली, तिच्यात सर्वांत वरच्या गटात चार नावं आहेत. त्यांत कॅन्डिडा ऑरिस आहे आणि आपल्या ओळखीची साधी कॅन्डिडा अल्बिकान्सही आहे.

भेटायला जाणाऱ्या धडधाकट माणसाला तिच्यापासून फारसं भय नसतं. भय असतं ते शेजारच्या खाटेवर नळ्या लावून पडलेल्याला. म्हणून हात धुवायचे ते त्याच्यासाठी.

मी घातलेला वाद

अण्णांच्या रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मानेतली नळी काढावी लागेल, आणि गरज पडली तर दुसऱ्या जागी नवी घालू. मी वाद घातला. आज लाज वाटते, पण घातला. "इतक्या मुश्किलीनं घातलीत, तीच कशाला काढता? औषधं कुठून देणार मग? आणि नव्या नळीचं बिल पुन्हा वेगळं!" डॉक्टर थकलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बाई, मूळ तिथं असेल तर वरून औषध ओतून काय उपयोग?" हराळी नुसती वरून छाटून चालत नाही, कुंदा खणून काढावा लागतो, हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला कुणी सांगायला हवं होतं का? मी सही केली.

मग डोळ्यांचे डॉक्टर आले. अक्कांचा जीव पुन्हा टांगणीला. पण ते आले होते बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून आतला पडदा तपासायला. रक्तातली कॅन्डिडा कधी कधी डोळ्याच्या आत जाऊन बसते. वेळेवर कळलं तर औषधानं आवरता येतं, म्हणून ही तपासणी करतात. अण्णांचे डोळे स्वच्छ निघाले.

रोज एक इंजेक्शन सुरू झालं, एकिनोकॅन्डिन गटातलं. हे औषध बुरशीच्या पेशीची भिंतच बांधू देत नाही. चौथ्या दिवशी ताप गेला. औषध महागडं, घरातले दागिने गहाण पडलेले. मी नर्सबाईंना म्हटलं, "आता ताप नाही, तर बंद करूया का?" त्या म्हणाल्या, "मॅडम, तापाचे दिवस मोजू नका. रक्त पुन्हा तपासायला गेलंय. ज्या दिवशीच्या रक्तात बुरशी वाढणार नाही, त्या दिवसापासून चौदा दिवस मोजा." मी वहीत पाचवा रकाना आखला, 'रक्त'. स्वच्छ अहवाल पाचव्या दिवशीच्या रक्ताचा आला. तिथून चौदा दिवस.

दोघी जणी आणि पिंपरीची माती

ही बुरशीनाशक औषधं आली कुठून, असा विचार बाहेर बसल्या बसल्या कधी मनात आला नाही. पुढे सवडीनं वाचलं, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळांत दोन स्त्रिया काम करत. एलिझाबेथ हेझन या न्यूयॉर्क शहरात जंतुशास्त्रज्ञ, तर रेचेल ब्राऊन ऑल्बनी गावात रसायनशास्त्रज्ञ. ठिकठिकाणची माती मागवून हेझनबाई तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवायच्या आणि बरण्यांतून पोस्टानं ब्राऊनबाईंकडे पाठवायच्या. ब्राऊनबाई त्यातलं रसायन वेगळं काढायच्या आणि पुन्हा पोस्टानं परत पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतावरच्या मातीनं यश दिलं. १९५०मध्ये त्यांनी नायस्टॅटिन जाहीर केलं. बाळाच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर आजही ते दिलं जातं. रक्तातल्या बुरशीवर ते चालत नाही, पण माणसाला चालेल असं बुरशीनाशक सापडू शकतं हे या दोघींनी दाखवलं. त्यातून मिळालेले सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर त्यांनी स्वतःसाठी न ठेवता संशोधनासाठी देऊन टाकले.

आपल्याकडेही पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्याच एका जिवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवलं. त्या जिवाच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' असा शब्द आहे, आपल्या पिंपरीवरून! बुरशी मातीतून येते आणि तिच्यावरचा उताराही मातीनंच दिला, हे मला फार आवडलं.

दाराबाहेर बसणारीनं काय करावं?

आपण डॉक्टर नाही. आत काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. पण बाहेर बसून करण्याजोगं पुष्कळ आहे.

१. वही ठेवा. तारीख, ताप, साखर, ऑक्सिजन, कोणती नळी कधी घातली. पुढच्या माणसाची पाळी आली की वही त्याच्या हाती द्या. डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि आपल्या डोक्यातला गोंधळही.

२. ताप दोन-तीन दिवस उतरून पुन्हा आला तर गप्प बसू नका. नम्रपणे विचारा, "रक्ताचं कल्चर पाठवलंय का? बुरशीचाही विचार केलाय का?" कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवात ठेवून त्यात काही वाढतं का ते पाहणं, विरजण लागतं का पाहावं तसं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. आणि हेही लक्षात असू द्या की बुरशी असूनही निम्म्या वेळा ती कल्चरमध्ये सापडत नाही. म्हणून कधी कधी अहवाल यायच्या आधीच डॉक्टर औषध सुरू करतात. ते उगाच लुबाडणं समजू नका.

३. रोज एक प्रश्न विचारा, "ही नळी आज लागते का?" मानेची, लघवीची, दोन्हींबद्दल. गरज संपली की नळी निघावी. मात्र स्वतः कुठल्याही नळीला, पट्टीला हात लावू नका. पट्टी ओली किंवा सुटलेली दिसली तर नर्सबाईंना सांगा.

४. "भारी अँटिबायोटिक द्या", "आणखी एक सलाइन लावा" असा हट्ट धरू नका. आपल्याकडे ही खोड फार आहे.

५. आत जाऊ दिलं तर आधी आणि नंतर हात साबणानं धुवा किंवा तिथलं औषधी द्रावण चोळा. शेजारच्या खाटेला, कठड्याला टेकू नका. अंगारा न्यायचा असेल तर बाहेर देवापुढं ठेवून नमस्कार करा, देवाला पोचतो. रुग्णाच्या मानेला, कपाळाला लावायला हात पुढं नेऊ नका.

६. साखरेचा रुग्ण असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. लपवू नका. घरी स्टेरॉइड, काढे, कुणाच्या चिठ्ठीच्या गोळ्या दिल्या असतील तर तेही सांगा. ओशाळवाणं वाटतं, मला ठाऊक आहे. तरीही सांगा.

७. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा. कोणता उपचार योजनेत बसतो ते तिथं समजतं. दागिने गहाण टाकायच्या आधी एवढं विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

८. घरी आल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा. ताप येणं, नजर अंधूक होणं, पाठीत सतत ठणका लागणं, यांतलं काही झालं तर अंगावर काढू नका. रक्तातून ही बुरशी डोळ्यात, मणक्यात, हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेली असू शकते. कागदपत्रं घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा.

आणि लोक म्हणाले ते

अण्णा घरी आले तेव्हा भेटायला येणारे उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. "बुरशी लागली म्हणजे काय, घाणीतच ठेवलं असेल," असं कुणी म्हणालं. कुणी अक्कांच्या तोंडावर विचारलं, "घरात ओल आहे का हो तुमच्या?" अक्का पंधरा दिवस बाजाराला गेल्या नाहीत. बाई गं, ती बुरशी कदाचित अण्णांच्या स्वतःच्या आतड्यातलीच होती. कित्येकांच्या शरीरात असते तशी. त्यात घरातल्या बाईचा काय दोष? तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर उंबऱ्याबाहेर उभ्या राहू नका. आत जा, चहा घ्या.

आता एकच सांगायचं राहिलं. त्या जिन्यात आमच्याशेजारी पाथर्डीकडची एक बाई बसायची. तिचा नवरा अण्णांच्या दोन खाटा पलीकडे होता. आम्ही भाकरी वाटून खायचो. त्याचाही ताप उतरून पुन्हा चढला होता, पण संध्याकाळी पाच वाजता ती मागं उभी राहायची. "काय इचारायचं ते सुचत न्हाई," म्हणायची. "बरे आहेत" एवढं ऐकून मागं फिरायची. पुढं त्याचं रक्त तपासायला गेलं. अहवाल आला त्या सकाळी तो गेलेला होता. आधी कळलं असतं तर वाचला असता असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण माझ्या हातात वही होती, प्रश्न होते, आणि रोज पाच वाजता मी फक्त अण्णांचंच विचारत होते. तिच्यासाठी एक प्रश्न विचारायला मला काय पडलं होतं? ते अजून मनातून जात नाही.

म्हणून परवा मधल्या सुट्टीत मी त्या बाईंना डोळ्याचं सांगितलं, नळीचं सांगितलं, चौदा दिवसांचं सांगितलं. घंटा झाली तरी आम्ही बसून होतो. मग कपाटातून एक कोरी वही काढली, पाच रकाने आखले आणि तिच्या हातात दिली. काल तिचा फोन आला. नळी बदलली आहे, डोळे तपासले, ताप आज नाही. रक्ताच्या अहवालाची वाट पाहत आहेत.

अण्णा सध्या रानात आहेत. साखर महिन्याला तपासतात, म्हणजे अक्का तपासायला लावतात. माझी ती वही अजून देवघराच्या फळीवर आहे.

तुमच्या घरातही असा प्रसंग आला असेल तर जरूर लिहा. आणि हो, पुढच्या आठवड्यात राहिलेला लिंबाच्या लोणच्याचा विषय नक्की!